सड्यावरची सहावी गल

गोल्फ मी आयुष्यात एकदाच खेळलो, तेही सोमवारी, कारण सोमवारी ते मैदान पाहुण्यांसाठी बंद असतं. माझा शाळेपासूनचा मित्र तिथे गवत राखण्याच्या कामावर आहे. सकाळी मशीन फिरवण्याआधी कामगारांना एक फेरी खेळायची मुभा आहे. तो मला वर्षभर बोलवत होता आणि मी टाळत होतो. शेवटी मीच फोन करून येतो म्हटलं. त्याला वाटलं, मला खेळायची हौस आली.

मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. घरी जाऊन सांगायची हिंमत नव्हती, कारण घरी त्याची आई असते आणि गोष्ट तिच्याबद्दलचीच होती.

मैदान वेंगुर्ल्याच्या उत्तरेला, समुद्राला लागून असलेल्या सड्यावर आहे. जांभ्या दगडाचा सपाट माळ, त्याच्या टोकाला सरळ तुटलेला कडा, खाली काळे खडक आणि पाणी. नऊ होल आहेत. कामगार त्यांना होल म्हणत नाहीत, गल म्हणतात. लहानपणी गोट्या खेळताना टाचेने जमिनीत करायचो ती गल. पहिली गल, दुसरी गल. मॅनेजरसुद्धा आता तसंच म्हणतो म्हणे.

अठरा वर्षांपूर्वी हा सडा विकला गेला तेव्हा त्याची मोजणी झाली. मी मोजणी खात्यात साहेबांच्या हाताखाली होतो. सड्यावरून कड्याखाली एक घाटी उतरते, दगडात खोदलेल्या पायऱ्यांची. गावातल्या बायका ओहोटीच्या वेळी त्या घाटीने खाली जाऊन खडकांवरची कालवं काढत. ही वाट वापरात आहे का, याचा कोणाचा तरी जबाब घ्यायचा होता. सड्याला सगळ्यात जवळचं घर मित्राच्या आईचं; तिला मी लहानपणापासून काकी म्हणतो. मित्र तेव्हा गोव्यात एका हॉटेलच्या बागेत कामाला होता. काकीने सांगितलं, मी लिहून घेतलं: 'वाट मोडली आहे.' खाली तिचा अंगठा घेतला. साहेबांनी सही केली. नकाशावर वाटेची तुटक रेघ आलीच नाही.

आमच्याकडे वाट दरवर्षी मोडते. पावसात रान माजतं, पायऱ्यांवर माती येते, आणि दसऱ्याच्या सुमारास चार घरची माणसं कोयते घेऊन जातात आणि वाट पुन्हा काढतात. आमच्या बोलीत 'वाट मोडली' याचा अर्थ एवढाच. कचेरीच्या मराठीत त्याचा अर्थ होतो, वाट उरलेली नाही. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. शिवाय काकी त्यापुढेही बोलली होती. 'पावसान वाट मोडली हा, दसऱ्याक काढतलंव,' असं तिचं वाक्य होतं. त्यातलं पुढचं अर्धं मी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर रान तोडून कड्यापर्यंत वाट मोजावी लागली असती, आणखी एक दिवस गेला असता, आणि आम्हाला संध्याकाळची एसटी पकडायची होती. कोणी मला काही दिलं नव्हतं, कोणी दरडावलं नव्हतं. कारण एवढंच होतं. ते इतकं किरकोळ आहे की कोणाला सांगायचीही लाज वाटते.

पुढे बरीच वर्षं सडा तसाच पडून होता आणि बायका घाटीने जात होत्या. मैदान झालं तेव्हा कुंपण आलं. आता खडकांवर जायला पुलाकडून वळसा घालावा लागतो, आणि तिथे पोचेपर्यंत भरती लागते. गावाने वाटेसाठी अर्ज केला, जुने कागद मागवले, आणि दोन महिन्यांपूर्वी ग्रामसभेत काकीचा जबाब मोठ्याने वाचला गेला. काकी उभी राहून म्हणाली, मी पुढे आणखी बोलले होते. लोक हसले. हे मला मित्रानेच फोनवर सांगितलं. त्याला माहीत होतं ते इतकंच, की जबाब साहेबांनी लिहिला. साहेब आता हयात नाहीत. मी फोनवर नुसतं हां, हां करत राहिलो.

पहिल्या गलीवर त्याने माझ्या हातात काठी दिली आणि उभं कसं राहायचं ते दाखवलं. मी मारला तो चेंडू वीस पावलांवर जाऊन थांबला.

"मेल्या, गोटी मारलंस काय रे?" तो म्हणाला. "आणि ती काठी आसा. मोजणीची साखळी धरल्यासारखी धरू नको."

दुसऱ्या गलीवर वाटेत काजूची तीन झाडं राखली आहेत. माझा चेंडू त्यातल्या एकाच्या बुंध्यावर आपटून मागे आला. तो पोट धरून हसला. मग झेंड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हयसून किती असतला, सांग बघू?"

"एकशे दहा मीटर."

त्याने जमिनीतली खूण पाहिली. तिथे एकशे बारा होतं. "डोळो अजून तसोच आसा तुझो," तो म्हणाला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हा सडा मी पावलापावलाने मोजला होता, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी मला जुनी जागा दिसत होती. तिसऱ्या गलीला एक तळी आहे, पाहुण्यांना आवडते असं तो म्हणाला. तिथे पूर्वी म्हशी बसायच्या. नकाशावर ती तळी मी बरोबर दाखवली होती. बाकी सगळंच मी बरोबर दाखवलं होतं.

तिसऱ्यावरच सांगून टाकायचं असं घरून ठरवून आलो होतो. तळीजवळ त्याच्या हाताखालचा एक माणूस पाइप जोडत होता. मी चौथ्यावर ढकललं. चौथ्यावर माझा चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला आणि तो बाहेर काढण्यातच माझा जीव गेला. सातव्या फटक्याला तो म्हणाला, "हातान काढ आणि चल. हय कोण बघूक नाय." मी हाताने काढला नाही. का कोण जाणे, त्या दिवशी मला ते जमण्यासारखं नव्हतं.

पाचव्या गलीपासून वारा लागतो. समुद्र अजून दिसत नाही, नुसता ऐकू येतो. चालता चालता तो आपणहूनच आईबद्दल बोलायला लागला.

"आवस आता खंय जायना. परवा दुकानात कोणतरी तिका म्हणालो, काकी, तुमची वाट मोडली ती मोडलीच मां? घराक इली ती जेवूक नाय."

मी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"मी पण तिका बोललंय," तो म्हणाला. "कित्याक अंगठो दिलंस म्हणान. ती म्हणता, मी पुढे बोलललंय. आता म्हातारा माणूस. खरा किती, वाटता किती." त्याने झेंडा उचलून बाजूला ठेवला, वाकून चेंडू गलीत घातला आणि गवतावरची एक काडी उचलून खिशात टाकली. "पण माका वाटता, चुकली ती."

सहावी गल कड्यावर आहे. पाहुणे फोटो काढतात ती हीच. उभं राहायची जागा कड्याच्या एका नाकावर आणि झेंडा दुसऱ्या नाकावर, मधे खोल घळ आणि तिच्या तळाशी पांढरं पाणी. उजवीकडे कुंपण आणि कुंपणाच्या पलीकडे, दहा पावलांवर, घाटीची पहिली पायरी. रान वाढलं होतं तरी पायरी दिसत होती.

तो चेंडू ठेवून उभा राहिला. मी सुरुवात केली. "त्या जबाबाबद्दल तुला एक सांगायचं आहे. तो जबाब नोंदवताना मी उपस्थित होतो आणि त्यातला मजकूर..."

त्याने काठी खाली टेकवली. "कचेरीत बसल्यासारखो काय बोलतंस? मालवणीत सांग."

मालवणीत आडोसा घ्यायला जागा नव्हती. "ता अक्षर माझा आसा," मी म्हटलं. "सायबान नुसती सही केल्यान. काकी पुढे बोलली होती. दसऱ्याक काढतलंव म्हणाली होती. ता मी लिवक नाय."

"इसारलंस?"

"नाय. मुद्दाम. गाडी चुकतली म्हणान."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग घळीकडे. मग त्याने काठी उचलली आणि मारली. इतका वेळ त्याचे चेंडू दोरीत धरल्यासारखे सरळ जात होते. हा घळीत गेला. आवाजही आला नाही. "तुझी पाळी," तो म्हणाला.

माझाही गेला.

सातवी आणि आठवी गलही आम्ही खेळलो. वाटलं होतं तो अर्ध्यावर सोडून जाईल. तो थांबला असता तर मलाही थांबता आलं असतं. पण तो प्रत्येक गलीवर माझ्यासाठी झेंडा काढून धरत होता, माझे सगळे फटके संपेपर्यंत उभा राहत होता आणि शेवटी आकडा सांगत होता. "नऊ." "अकरा." दुसरा शब्द नाही. आठव्या गलीवरून खालचे खडक दिसतात. ओहोटी होती. खडकांवर कोणीही नव्हतं.

नवव्या गलीवर चेंडू आत गेल्यावर तो म्हणाला, "वाटेची सुनावणी गुरवारी आसा."

"मी लिहून देतंय. माझ्या सहीन."

"नोकरी?"

"चौकशी होतली. होऊंदे." आठ वर्षं नोकरी शिल्लक आहे. वाक्य बोलायला तेवढं सोपं गेलं.

"माका काय सांगतंस? आवशीक सांग," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

काकी दारापुढच्या खळ्यात बसून सुपात कुळीथ निवडत होती. मला बघून तिने पाट सरकवला. "चाय घेतलंस?" ती म्हणाली. शाळेत असताना पावसाळ्यात खाडीवरची होडी बंद असली की मी याच घरात जेवायचो, कधी कधी चार चार दिवस.

मी सांगितलं. सगळं, मालवणीत. तिचे हात कुळथात चालूच होते.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "वाचूक येना नाय म्हणान काय दिसना पण नाय? मी बोलतच होतंय, आणि तू पेनाक टोपण घातलंस."

मित्र खांबाला टेकून उभा होता. तो एकदम म्हणाला, "मगे सभेत कित्याक सांगूक नाय?"

"काय सांगू? हय जेवलेलो झील, त्येचा नाव चार लोकांत घेव? तुका तरी काय सांगू, तू माकाच बोललंस." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. मग माझ्याकडे वळली. "येशीत म्हणान बसललंय. लय उशीर केलंस रे."

मी 'काकी, चुकलो' म्हटलं. ती पुढचे दाणे निवडू लागली. बरं झालं, असं म्हणायला मी तयार नाही, पण तिने काही गोड बोलून मला सोडवलं नाही हे योग्यच झालं.

मित्राने घरातून कोरे कागद आणून दिले. मी वर माझं नाव आणि हुद्दा लिहिला, मूळ जबाब माझ्या हातचा आहे हे लिहिलं, आणि त्यातलं अर्धं वाक्य मी जाणूनबुजून गाळलं हेही लिहिलं. मग तिचं वाक्य लिहून तिला वाचून दाखवलं: "पावसाने वाट मोडली आहे, दसऱ्याला काढणार आहोत."

"ह्या माझा बोलणा नाय," ती म्हणाली.

मी ते खोडलं आणि खाली लिहिलं: "पावसान वाट मोडली हा, दसऱ्याक काढतलंव." सरकारी कागदावर मालवणी चालेल का, मला माहीत नव्हतं. वाचून दाखवलं. तिने मान हलवली. माझा हात टोपणाकडे गेला.

"थांब," काकी म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं आणि पदराला हात पुसले. "माझा बोलणा संपूक नाय."

मग ती घाटीच्या वरच्या पायरीपासून सांगू लागली, कुठे वळण आहे, कुठे झरा, कुठली पायरी तिच्या सासऱ्याने बसवली. मित्र दुसरा कागद आणायला आत गेला.