खालची टकटक

मिस्त्रीचा कामातला हट्ट एकच: खालून टकटक आल्याशिवाय वरून स्क्रू आवळायचा नाही. लाकडी जमिनीवरची भिंत वाऱ्यात घर धरून ठेवणार, तर तिचा पाय नुसत्या फळ्यांत रुतवून काय उपयोग? फळ्यांखाली दोन तुळयांच्या मधे ठोकळा हवा, आणि स्क्रू थेट त्या ठोकळ्यात. ठोकळा बसवायचा डावखुरा धाकटा भाऊ. बसला की हातोडीने टकटक करायचा, मग वर हा पाना फिरवायचा. दोघेही घुमे. उभ्या जन्मात हे बोलले कमी आणि ठोकत बसले जास्त, असं घरचे म्हणायचे.

धाकटा गेल्या वर्षी तापाने गेला. त्यानंतरचं हे पहिलंच काम, तेही लेकीचं घर. उघड्या टेकाडावर, वारा सुटला की माणूस उभा राहणं मुश्किल. तान्हं मूल घेऊन ती उद्या राहायला येणार होती. खाली आता जावई होता. गडी भला, पण कामात नवखा.

भर दुपारी खालून टकटक आली. मिस्त्रीने स्क्रू आवळला. पुन्हा टकटक, पुन्हा स्क्रू. पोरगं तयार झालं म्हणायचं, असं वाटून तो खूश झाला. एकच स्क्रू उरला आणि जावई बाहेरून आला, खांद्यावर लाकूड घेऊन. म्हणाला, लाकूड आणायला वखारीत गेलो होतो, अजून एकही ठोकळा बसवलेला नाही.

मिस्त्रीने पाना खाली टाकला. खाली उतरून पाहिलं तर सगळे ठोकळे जागच्या जागी, खिळे तिरके, डाव्या हाताने मारलेले. जावयाची बोबडी वळली. त्याने तिथून काढता पाय घेतला.

मिस्त्री एकटाच वर गेला. हा स्क्रू आवळला की काम संपलं, आणि काम संपल्यावर धाकटा कशाला थांबेल? त्याचा हात उचलेना. वारा वाढला, भिंतीचं सुटं टोक कुरकुरू लागलं. खालून टकटक आली. पुन्हा आली, जरा चिडून. मेला जन्माचा उतावळा.

"जरा दम धर की रे," मिस्त्री म्हणाला. "इतक्यात जाऊ नकोस."

भिंत पुन्हा कुरकुरली. तान्ह्याचा पाळणा याच भिंतीला लागून ठेवणार होते. मिस्त्रीने पाना लावला आणि रडत रडत स्क्रू पार आवळला.

कुरकुर थांबली. तो फळीला कान लावून अंधार पडेपर्यंत तसाच पडून राहिला. खाली सगळं चिडीचूप होतं.