कच्चा रंग

त्या दिवशी दुपारी मी थेरगावच्या घरी मेथी निवडत बसले होते आणि बबनचा फोन आला. बबन म्हणजे आमच्या गावच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. "आत्या, पेंटर गेलं..." एवढंच म्हणाला. पेंटर म्हणजे माझा थोरला भाऊ, दत्तूदादा. चाकणच्या पश्चिमेला, डोंगराच्या कडेला आमचं गाव. तिथं त्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं आणि सगळा भाग त्याला पेंटर म्हणूनच ओळखायचा. सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर बाई आधी हंबरडा फोडते, निदान कधी, कसा, असं काहीतरी विचारते. मी विचारलं, "गाडी किती वेळात आली?" बबन म्हणाला, "नऊ मिनिटांत, आत्या. मीच आणली." मग मला रडू फुटलं. गाडीचं आधी का विचारलं, ते सांगण्यासाठीच हा सगळा लेख.

आता महिना उलटून गेलाय. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना कडवटपणा नको, असं शाळेतल्या जुन्या मैत्रिणींनी मला बजावलंय. कडवटपणा आहे, काय करू! दादा मायाळू होता, हाताचा सढळ होता, हे खरंच आहे. पण तो खुनशीही होता, आणि मला त्याच्या खुनशीपणाचा जास्त अभिमान वाटतो.

सातवीनंतर तो भोसरीला एका वर्कशॉपमध्ये मशीनवर नावं-नंबर टाकायला लागला आणि तिथंच त्याचा हात बसला. "शाले, अक्षराला पोट असतं. ते जेवल्यासारखं दिसलं पायजे," असं मला सांगायचा. मी पुढे पहिलीच्या पोरांना तीस वर्षं अक्षरं गिरवायला शिकवली, पण अक्षराचं पोट मला दादानंच दाखवलं. रेडियमचे स्टिकर आले, फ्लेक्स आले, बाकीच्या पेंटरांनी दुकानं बंद केली. दादा मात्र ब्रश रॉकेलमध्ये बुडवून, फडक्याला पुसून, शर्टाच्या खिशाला लावून हिंडत राहिला.

गावाजवळच्या एका कंपनीनं आमच्या आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका दिली, तेव्हा तिच्यावर नाव घालायचं काम त्याच्याकडंच आलं. नाव कंपनीचं नव्हे आणि गावाचंही नव्हे, साहेबांचं. हे साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. त्यांना आपलं नाव छापून आलेलं बघायची फार हौस आहे, म्हणून इथं मी ते लिहिणार नाही. गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं, आणि दोन्ही बाजूंना आणि मागच्या दारांवर हातभर अक्षरांत 'यांच्या प्रयत्नांतून' साहेब! दादानं विचारलं, फोन नंबर कुठं घालू? जागा उरत नाही, असं उत्तर मिळालं. दादानं ते मानलं. अक्षरं इतकी देखणी आली होती की त्यानं गाडीचा फोटो काढून मला पाठवला होता आणि मीही 'वा' म्हणून अंगठा पाठवला होता. त्या अंगठ्याची मला आजही लाज वाटते.

गाडी आरोग्य केंद्रात राहिलीच नाही. ती साहेबांच्या बंगल्यात, त्यांच्या दोन गाड्यांच्या मध्ये उभी असायची आणि चावी त्यांच्या पुतण्याकडं. एका सकाळी दहाच्या सुमाराला मंदावहिनीला, दादाच्या बायकोला, बांधावर गवत कापताना घोणस चावली. दादा बंगल्यावर धावत गेला तर गाडी नव्हती. साहेबांचा कुठंतरी सत्कार होता आणि मिरवणुकीत पुढं सायरन वाजवायला ती नेली होती. सरकारी गाडीला फोन लागला, पण ती चाकणच्या पलीकडून निघणार होती. शेवटी दादानं रंगाचे डबे खाली टाकून आपल्या छोट्या टेम्पोत वहिनीला निजवलं. चाकणच्या चौकात कंटेनरला कंटेनर लागलेले. टेम्पोला ना सायरन, ना कुणी वाट देणार. दवाखाना दिसत होता म्हणे... वहिनी टेम्पोतच गेली.

साहेब भेटायला आले. सतरंजीवर बसले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "नशिबापुढं कुणाचं चालतंय, पेंटर?" दादा म्हणाला, "व्हय साहेब." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते गेल्यावर मी त्याला नको नको ते बोलले. "तुझा कणा पण ब्रशच्या केसांचा झालाय," असंही बोलले. तो सतरंजी गुंडाळत राहिला. पुढे त्यानं साहेबांच्या वाढदिवसाच्या भिंतीही रंगवल्याचं कळलं, तेव्हा मी बोलणंच टाकलं. दोन वर्षं भाऊबीजेला गेले नाही. तो दर वर्षी त्या दिवशी फोन करायचा आणि मी उचलायची नाही. ही माझी शिक्षा कुणाला होती, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग कंपनीनं वरच्या वाड्यांसाठी दुसरी गाडी द्यायचं ठरवलं. समारंभात जुनीही शेजारी उभी करायची, म्हणून साहेबांनी ती नव्यानं रंगवायला काढली. दादा आपणहून गेला. "साहेब, माझ्याकडंच द्या. मजुरी नको." साहेब खूश. दादानं गाडीला पांढरा हात मारला, त्यावर ऑइलपेंटमध्ये त्याला जे लिहायचं होतं ते लिहिलं आणि आठ दिवस दुकानात झाकून वाळू दिलं. मग त्याच्यावर साध्या डिस्टेंपरचा पांढरा हात, आणि त्यावर पोस्टरच्या रंगात साहेबांचं नाव, पूर्वीपेक्षाही देखणं. पेंटर लोक याला कच्चा रंग म्हणतात. पाणी लागलं की संपला. बबनला त्यानं ताकीद दिली, "पाणी लावू नको, नुसती फडक्यानं झटक." दिवस थंडीचे होते, पावसाची भीती नव्हती.

समारंभाच्या सकाळी साहेबांनीच बबनला फोन केला. गाडी वॉशिंग सेंटरला ने आणि चकाचक करून आण! बबननं हुकूम पाळला. तिथल्या पोरांनी मोठ्या प्रेशरनं पाणी मारलं आणि साहेब तीन मिनिटांत गटारात गेले. तशी गाडी मांडवात का आणलीस, असं मी बबनला नंतर विचारलं. म्हणाला, "उशीर झाला असता तर साहेब वरडलं असतं." आधीपासून आपल्याला काही ठाऊक नव्हतं, असं तो अजून शपथेवर सांगतो आणि मीही जास्त खोदत नाही.

गाडी मांडवात मागं मागं येत स्टेजसमोर थांबली. दोन्ही बाजूंना फोन नंबर होता, लांबून वाचता येईल एवढा. आणि मागच्या दारांवर हातभर अक्षरांत एकच ओळ: 'मंदाला ही गाडी मिळाली नाही.' बँडवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. कंपनीच्या मॅडम परप्रांतातल्या, पण अक्षरं लावून वाचता येत होती. त्यांनी विचारलं, "ये मंदा कौन है?" दादा मागच्या खुर्चीतून उठला. "माझी बायको, मॅडम." साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "पेंटर, हे काय केलंस?" आणि दादा हात जोडून म्हणाला, "म्या काय केलं? तुमीच धुवायला सांगितली व्हती, साहेब."

मॅडम गाडीला हार न घालता आरोग्य केंद्रात जाऊन बसल्या आणि तिथल्या नर्सला सगळं विचारून घेतलं. पुढे कंपनीनं अटच घातली. दोन्ही गाड्या केंद्राच्या आवारात राहतील, चाव्या नर्सकडं, ड्रायव्हर तीन शिफ्टमध्ये, आणि गाडीवर कुणाचंही नाव नाही. फक्त ती एक ओळ पुसू नका, असं मॅडमनी बजावलं. मला हे सगळं शिक्षकांच्या ग्रुपवर आलेल्या फोटोवरून कळलं. दादाचं अक्षर मी लाखात ओळखीन. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं गेले. दारातच म्हणाला, "ओवाळायला आलीस व्हय? मग ताट कुठाय?" मी त्याच्या पाया पडले.

साहेबांनी त्याची कामं तोडली. शाळेच्या, पंचायतीच्या भिंती दुसऱ्यांना गेल्या. दादाचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. आरोग्य केंद्राच्या मागच्या भिंतीला लागूनच साहेबांचा बंगला आहे. दादानं बबनला सांगून ठेवलं होतं, "तोंड रस्त्याकडं, पाठ बंगल्याकडं." तोंड रस्त्याकडं म्हणजे निघायला सोपं, त्यावर कुणाला बोलायला जागा नाही. रोज सकाळी साहेब गच्चीवर चहा प्यायला आले की समोर मंदावहिनी! महिन्याभरात गच्चीच्या त्या बाजूला हिरवी जाळी लागली. दादा मुद्दाम केंद्रापर्यंत फिरायला जायचा आणि जाळी बघून परत यायचा. मी गेले की मलाही न्यायचा.

दुकानातच त्याच्या छातीत कळ आली. झटका मोठा होता, डॉक्टरांनी शर्थ केली, उपयोग झाला नाही. पण बबन सांगतो, स्ट्रेचर आत घेताना दादानं विचारलं, "फोन कधी झाला? आन् आता किती वाजलं?" बबननं सांगितलं. दादानं मनात हिशेब केला आणि "बराय" म्हणाला. मग त्याच्यामागं ती दोन दारं लागली, वहिनीच्या नावाची.

दहाव्याला आमच्याकडं नदीकाठी माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं होतात. साहेबही उठले. पेंटर माझा जिवाभावाचा माणूस, म्हणाले. ते बसल्यावर मी माईक मागितला. बायका सहसा बोलत नाहीत, पण पोरांनी दिला. मी म्हटलं, "माझ्या भावासाठी गाडी नऊ मिनिटांत आली. कारण ती साहेबांच्या दारात नव्हती." आणि माईक परत दिला. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, इच्छा राहिली नव्हती.

गेल्या रविवारी बबनचा पुन्हा फोन आला. "आत्या, दारं उघडून-लावून अक्षरं झिजल्यात. साहेबांचा पुतण्या म्हणतोय, आता पेंटर न्हाई, तर पांढरा हात मारून टाकू." मी दुपारी गावात पोचले. दादाचं दुकान उघडलं. त्याचा ब्रश रॉकेलच्या डब्यात तसाच होता, मऊ. तीस वर्षं मी पोरांना अक्षरं गिरवायला लावली, त्या दिवशी स्वतः दादाची अक्षरं गिरवली, 'मंदा'च्या मपासून सुरुवात करून. 'गाडी'चा ग जरा जाड झाला. रंग मात्र पक्का वापरलाय.

मान वर केली तेव्हा जाळीमागं कुणीतरी उभं होतं. मी ब्रश उंच धरून दाखवला, आणि बबनला म्हटलं, "लाव गाडी. तोंड रस्त्याकडं, पाठ बंगल्याकडं."