सुईणीचा मान

अख्ख्या नेवासा तालुक्यात आमच्या दाजींइतका बैलांतला जाणकार आणि माणसांतला अडाणी गडी दुसरा झाला नाही, हे मी कुठल्याही देवळात उभा राहून सांगायला तयार आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. घोडेगावच्या बाजारात ते नुसते शिरले तरी व्यापारी आपापल्या बैलाच्या आडोशाला उभे राहायचे, कारण दाजींची नजर नेमकी खोडीवरच पडायची. बैल चार पावलं चालला की हा मागचा उजवा पाय चोरतो, हा ऐन नांगरटीत बसणार, हा मालकावर रुसलाय, असं ते बोलून मोकळे व्हायचे आणि ते तंतोतंत खरं निघायचं. पण हाच माणूस कुणासाठी काही भेटवस्तू घ्यायला दुकानात शिरला की नुसता घामाघूम! मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी मला बक्षीस म्हणून बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ आणली. भिंगारला लष्कराच्या डेपोत मला कारकुनी लागली तेव्हा बैल बांधायचा नवाकोरा कासरा दिला. "लई कामाला येतो, पावनं," म्हणाले. हपिसात कासरा कशाला लागतो हे मी त्यांना विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढं एकदा बिऱ्हाड हलवताना तो लागला. एका दिवाळीला त्यांनी आमच्या आईला खुरपं दिलं. जावयाला आपल्याला शेतात राबवून घ्यायचंय की काय, या विचारात आई बिचारी संक्रांतीपर्यंत होती.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आक्काला चौथ्यांदा दिवस गेले. चौथ्यांदा म्हणायचं, पण घरात मूल एकही नव्हतं. तिन्ही बाळंतपणं गावातच झाली होती आणि तिन्ही मुलं दोन-चार दिवसांच्या आतच गेली होती. गावाकडं रीत अशी की पाचवीच्या आत सुईणीला लुगडं, खण, नारळ आणि पायलीभर ज्वारी द्यायची. हा तिचा मान. दाजींनी तिन्ही वेळा लुगडं आणलं होतं आणि तिन्ही वेळा गावच्या म्हाताऱ्या सुईणीनं ते परत केलं होतं. "कशाचा मान घिऊ, बाबा?" म्हणायची आणि पदरानं डोळे पुसत निघून जायची. तेव्हापासून दाजींच्या डोक्यात एक गुंता बसला. पोर राहिलं नाही म्हणून मान राहिला, की मान राहिला म्हणून पोर राहिलं नाही? बैलाला पाणी दाखवताना, पानाला चुना लावताना, मधेच ते मला विचारायचे, "तुमी शिकलेले, पावनं. तुमीच सांगा." मी काय कपाळ सांगणार?

या खेपेला मात्र मी हट्टानं आक्काला नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. दुपारी तिला आत घेतलं. दाजी दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि मी चहा आणायला गेलो. किटली घेऊन परत येतो तो दाजी फरशीवर बसलेले, पाठ भिंतीला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! किटली तिथंच टेकवून मी दाराकडं धावलो. पण आतून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू येत होतं. मग दाजींनी सांगितलं. आत भांड्यांचा खणखणाट झाला, मग सगळं गप्प. पोर रडेना. कितीतरी वेळ रडेना. आणि मग कुणीतरी बाई जिवाच्या आकांतानं ओरडली, "रड गं माझे बाय! रड! रड की गं!" आणि पोर रडलं. मुलगी झाली होती.

"पावनं," दाजी म्हणाले, "जिनं तिला रडीवलं, ती सुईन. तिचा मान पाचवीच्या आत तिला पोचला पायजे. न्हाईतर..."  मान पोचेपर्यंत पोरीचं तोंड बघायचं नाही असं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं. मी समजावलं, रागावलो, हात जोडले. पण नंदीबैलाची मान हलेल, आमच्या दाजींची हलायची नाही.

आता सुईण शोधायची. गावात सुईण एक असते, इथं पलटण होती. डॉक्टरीणबाई, मेट्रनबाई, सिस्टर, शिकाऊ पोरी, आया, फरशी पुसणाऱ्या मावशी. सगळ्या घाईत, त्यातून संध्याकाळी पाळी बदललेली. आत कोण कोण होतं ते विचारावं म्हणून दाजी दारावरच्या वॉचमनकडं गेले. बाजारात गुपित विचारायचं तर उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबायची, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी वॉचमनच्या हातावर उपरणं टाकलं आणि दोन बोटं दाबली, म्हणजे दोघी होत्या का? मग तीन दाबली, म्हणजे तिघी? वॉचमन लष्करातून रिटायर झालेला, त्याला बैलबाजाराचा वारा कुठला लागायला! "अहो सोडा, सोडा, हे काय चालवलंय!" म्हणून त्यानं जी बोंब ठोकली, ती ऐकून ओपीडीतली रांग मोडली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग दाजींनी ठरवलं, आवाजावरून ओळखायचं. दिसेल तिला आडवे जाऊन ते म्हणायचे, "बाई, येकदा म्हना बरं, रड गं माझे बाय." शिकाऊ पोरी तोंडाला पदर लावून पळायच्या. एक धीट निघाली. तिनं इतक्या कळवळून म्हटलं की शेजारच्या पाळण्यातली दोन पोरं खरंच रडायला लागली. दाजी मान हलवत म्हणाले, "न्हाई. त्यो आवाज पोटातनं आल्ता."

शोध लागेना म्हणून शेवटी सगळ्यांनाच काहीतरी द्यायचं ठरलं आणि माझे हाल सुरू झाले. आम्ही कापडबाजारातून सात लुगडी आणली. पहिल्याच सिस्टर म्हणाल्या, "काका, मी नऊवारी नेसत नाही हो." झालं! दाजी पुन्हा बाकावर जाऊन बसले आणि त्यांनी आपली खरी विद्या बाहेर काढली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांची चाल बघायला लागले. "ती म्हातारी आया हाय का, तिनं कंबर धरलीय. तिला निरगुडीचं तेल पायजे. डाक्टरीनबाई डावी टाच टेकवत न्हाईत, त्यांना मऊ चपला. ती बारकी सिस्टर जेवनाच्या टायमाला बी उभीच असती, तिला डबा." मी डोक्याला हात लावला. एवढ्या शिकलेल्या बाईंना चपला द्यायच्या? पण दाजी गेले आणि डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात चपला ठेवून म्हणाले, "डावी टाच लई दुखती न्हवं?" बाई बघतच राहिल्या. तीन महिने त्या टाचेनं हैराण होत्या आणि त्यांच्या घरातही कुणाच्या ते ध्यानात आलं नव्हतं. पण घेतलं कुणीच काही नाही. दवाखान्याचा नियम होता, भेट घ्यायची नाही. आया तेलाची बाटली हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली आणि मग तिनं ती हळूच परत दिली. दाजींचा चेहरा मला बघवेना.

अशानं चौथा दिवस उजाडला. दाजींनी जेवण सोडलेलं. दुपारी मेट्रनबाईंनी दोघांना बोलावणं पाठवलं. चांगल्या धिप्पाड बाई, जाड काचांचा चष्मा, बोलणं अस्सल नगरी. "काय चालवलंय हे तुम्ही? माझ्या पोरींना काम सुचेना झालंय." दाजी खाली बघत सगळं बोलले. तीन लुगडी, म्हातारी सुईण, तो आवाज, पाचवी. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"त्या वेळी आत मीच होते," त्या म्हणाल्या. "पण मी नाही ओरडले. पोराच्या घशातलं ओढून काढायची नळी माझ्या तोंडात होती, मी कशी ओरडणार? बाकीच्यांचे श्वास अडकलेले. ओरडत होती ती तुमची बायको."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं, मी दाजींकडं.

"आमची?" दाजी म्हणाले. "बाई, आमची तर बोलत बी न्हाई वो."

"टेबलावर उठून बसली होती. दोघींनी धरली होती तिला."

ते खरंच होतं, आक्का बोलायची नाही. सासऱ्याच्या, दिरांच्या त्या घरात बारा वर्षं तिचा आवाज चुलीच्या पुढं आला नव्हता. आणि आम्ही दोघं शहाणे! चार दिवस दवाखानाभर आवाज शोधत हिंडलो. मी तर रोज तिच्या उशाशी बसून तिला शिरा भरवत होतो. पण आत काय झालं हे तिला विचारावं, असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. मला माझी लाज वाटली, ती अजून वाटते.

दाजींनी सोबत आणलेल्या लुगड्याची घडी मांडीवर सारखी केली. मग म्हणाले, "मंग सुईन कोन, बाई? नळीवाली का वरडनारी?"

"ते मला नाही सांगता यायचं," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी दाजींच्या मांडीवरच्या लुगड्यावर आपला हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला आणि काढून घेतला. "हा मी मान घेतला. आता हे तिला नेसवा. आणि बाकीच्यांना काही द्यायचंच असेल तर सगळ्यांना वाटून खाता येईल असं आणा. आयाचं तेल तेवढं राहू द्या, मी बघते काय ते."

दाजी त्याच दुपारच्या एस.टी.नं गावाला गेले आणि पाचवीला सकाळीच परत आले. घरची गाय त्याच आठवड्यात व्यालेली. चिकाच्या दोन किटल्या त्यांनी मांडीवर धरून आणल्या होत्या. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात खरवस झाला आणि डॉक्टरीणबाईंपासून फरशीवाल्या मावशीपर्यंत सगळ्यांनी उभ्या-उभ्या खाल्ला. वॉचमननंही खाल्ला, पण जरा लांब उभं राहून.

मग दाजी वॉर्डात आले. खाटेजवळ उभे राहिले, लुगडं पायथ्याशी ठेवलं आणि माझ्यासमोर, चार बायकांसमोर, बायकोशी बोलले. असं मी कधी पाहिलं नव्हतं. "तुला काय आनू?"

आक्का काहीतरी पुटपुटली.

"काय?" दाजी वाकले.

"हिला घ्या म्हनलं जरा. माझा हात अवघडलाय."

दाजींनी पोरीला घेतलं. मस्तवाल खोंडाला वेसणीला धरून उभा करणारा माणूस, पण तिचं डोकं कुठल्या हातावर घ्यायचं ते त्याला उमजेना. पोरीनं तोंड वाकडं केलं आणि ती भोकाड पसरून रडली. दाजी हसले, रडले, काय करत होते ते त्यांचं त्यांना तरी कळत होतं की नाही, देव जाणे.

त्यानंतर दाजींच्या कानात बिघाड झाला. म्हणजे ते म्हणायचे तसं. आक्का काही बोलली की कानामागं हात धरायचे, "मोठ्यानं बोल, ऐकू येत न्हाई!" तीन वावरांपलीकडं कुणाची बैलगाडी चाललीय ते चाकाच्या कुरकुरीवरून ओळखणारा माणूस हा! पण आक्काला ते खरंच वाटलं. ती मोठ्यानं बोलायला लागली, मग तणतणायला, मग भांडायलाही. पुढं पुढं तर गल्लीच्या तोंडाशीच मला तिचा आवाज यायचा आणि घरात सगळं ठीक आहे हे कळायचं.

दाजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. परवा गेलो होतो. लेक सासरहून आली होती, तिची पोरं अंगणात दंगा करत होती. आक्का माझ्याजवळ बसून काहीतरी सांगत होती आणि मला पुन्हा पुन्हा वाकून "काय गं?" विचारावं लागत होतं. शेवटी मी म्हटलं, "इतकी हळू का बोलतेस, आक्का?"

अंगणाकडं बघत ती म्हणाली, "मोठ्यानं आता कुनाशी बोलू, बापू?"