घारीच्या डब्याला पुढची सीट

लग्नसराई आली की आमच्या घरी लाडू वळायच्या आधी किस्से तयार होतात, आणि त्यातले निम्मे गाडीतले असतात. सुरतेत उधन्याच्या आमच्या सोसायटीत दोन बायका जिन्यात भेटल्या तरी एखादा नवीन निघतोच. सगळ्या हसतात. मीही हसते, पण खरं सांगू, मला हसण्यापेक्षा रागच जास्त येतो.

आमची गाडी आली तो दिवस घ्या. नारळ फोडला, हार घातला, आणि कोणी काही न ठरवता जो तो आपापल्या जागी जाऊन बसला. माझा नवरा संजय स्टिअरिंगवर. शेजारी नाना, म्हणजे माझे सासरे. मागे मी, पोरं आणि सासूबाई. त्यांना घरात सगळेच माय म्हणतात. मायला गाडी लागते. मुठीत लिंबू धरून ती ते हुंगत बसते, कमरेला प्लॅस्टिकची पिशवी खोचलेली असते. त्याच दिवशी गावाकडे निघालो, तर बारडोली यायच्या आत पिशवीचं काम झालं.

आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "माजींना पुढे बसवा, त्रास कमी होईल."

नाना म्हणाले, "तिले गाडी लागसच. मंग मांगे काय आन पुढे काय?"

नानांना स्वतःला गाडी कधी लागली नाही. कशी लागेल? एसीचा वारा थेट त्यांच्या तोंडावर!

आमचं गाव साक्रीकडे. मध्ये कोंडाईबारीचा घाट. लग्नाला आम्ही सगळे नटूनथटून उतरतो आणि माय दाराला धरून उतरते. सख्ख्या भाचीच्या लग्नात ती अक्षता टाकायलासुद्धा उठू शकली नाही, कोणाच्या तरी ओसरीवर आडवी पडून होती. वर तिची भावजय, नवरीची आई, काय म्हणाली? "सुरतवाल्यांना आता आमची लग्नं कुठे गोड लागतात!" माय ते ऐकून रडली. तेव्हापासून मला ती पुढची सीट डोळ्यात खुपते.

हे फक्त आपल्यातच आहे असं समजू नका. वरच्या मजल्यावरची हेतल, गुजराती, नवराबायको दोघंच कुठे निघाले तरी ही मागे बसते. का, तर गॅलरीत सासरे उभे असतात. पर्वत पाटियाच्या चौकात पोचले की नवरा गाडी बाजूला घेतो, ही उतरून पुढे येते. येताना त्याच चौकात पुन्हा मागे. एकदा ट्रॅफिक पोलिसाने हटकलं, "बेन, रोज इथे उतरून परत त्याच गाडीत का बसता?"

हेतल म्हणाली, "साहेब, इथून पुढे माझं सासर लागतं."

पोलिसाने मान डोलावली आणि जाऊ दिलं. त्याच्याही घरी गाडी असणार.

दुसरा मान जावयाचा. जावईबापू आले की नानासुद्धा मागे सरकतात, मग बाकीच्यांची काय कथा. नणदेचा नवरा तसा चांगला माणूस आहे, पण पुढे बसला की सीट मागे ढकलतो, ती थेट मायच्या गुडघ्यांवर. आणि झोपतो. मायचे गुडघे आधीच कामातून गेलेले. मी एकदा म्हटलं, "दाजींना उठवू का?"

मायनेच मला दटावलं, "ऱ्हाऊ दे. पाहुणा थकेल शे."

पाहुणा काय करून थकला होता? शेजारच्या डिंडोलीहून आमच्याकडे रिक्षाने आला होता!

मग मी गाडी शिकले. संजयची मिलमध्ये शिफ्ट, कोणाला तरी चालवणं भागच होतं. मला वाटलं, आता तरी प्रश्न सुटेल. पहिल्याच दिवशी नाना दार उघडून थबकले. "सासरा सूनना जोडे बठस का?" म्हणाले आणि मागे जाऊन बसले. मी म्हटलं, "माय, मग तू ये पुढे." माय नानांकडे बघून म्हणाली, "ते मांगे आन मी पुढे? लोके काय म्हनतीन?" आणि तीही मागे. पोरंही मागे. चौघं एकमेकांच्या मांडीवर आणि माझ्या शेजारची सीट मोकळी!

नातेवाइकांसाठी घारीचा, म्हणजे सुरतेच्या तुपातल्या मिठाईचा, मोठा डबा घेतला होता. मागे जागाच नव्हती, म्हणून तो पुढे ठेवला. त्याच्या वजनाने गाडी टिंगटिंग करायला लागली. शेवटी मी डब्याला पट्टा बांधला. साक्रीपर्यंत घारी आरामात, एसीत, पट्टा लावून. माय मागे लिंबू हुंगत. सांगा, राग येणार नाही तर काय?

आणि हा यंदाचा किस्सा. मायच्या धाकट्या भाचीचं लग्न. संजयला सुट्टी नाही, म्हणजे गाडी माझ्याकडे. नणंद आधीच गावी गेलेली, जावई आमच्याबरोबर येणार. माझ्या शेजारी सासरा चालत नाही, पण नणदेचा नवरा चालतो म्हणे, तेव्हा पुढची सीट त्यांची. माय म्हणाली, "मी गाडीमा पानी ठेवी येस," आणि आमच्या आधी खाली गेली.

आम्ही खाली येऊन बघतो तर माय पुढे बसलेली. पट्टा लावून.

नाना म्हणाले, "उतर वं, पाहुणा उभा शे."

माय म्हणाली, "पट्टा निंघत नही."

जावई म्हणाले, "मी बघतो." नाना म्हणाले, "जोरात दाब." माय सगळ्यांना सांगत राहिली, निंघत नही, अटकी गया. शेवटी मी वाकले. बटणावर मायचा पंजा घट्ट बसलेला होता. मी तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती.

"जाम झालंय," मी म्हटलं. "गॅरेजमध्येच निघेल. बसा मागे सगळे, उशीर होतोय."

बारडोली गेली, व्यारा गेलं, सोनगड गेलं. मायने पिशवी काढली नाही. नवापूरला तिने चहा मागितला, आणि जागेवरच बसून प्यायली. कोंडाईबारीच्या तिसऱ्या वळणावर मागून जावयाचा बारीक आवाज आला, "वहिनी, गाडी जरा बाजूला घेता का?"

मी गाडी थांबवली. शेजारी टक्क असा आवाज झाला. माय पट्टा काढून मागे वळली, जावयाच्या हातात लिंबू ठेवलं, पुन्हा सरळ बसली आणि पट्टा लावून घेतला.