त्याच्या नावाची आठ पानं

विज्ञानकथांचं मासिक काढते म्हटलं की लोक आधी विचारतात, वाचतं कोण? साठ जण. आणि मासिक हे आपलं म्हणायचं म्हणून. निघतं दोन महिन्यांनी, कधी तीन. डोंबिवलीत झेरॉक्सवाल्याकडे प्रती काढायच्या, घरी जमिनीवर बसून पानं दुमडायची, मधोमध स्टेपल मारायचे, पोस्टात टाकायचे. हे सगळं कोलशेतच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या एक्सेल शीटा निस्तरून आल्यावर. आई म्हणायची, "त्यापेक्षा झोप काढ गं जरा." तिचं काही चुकत नव्हतं.

सुरुवात मी आणि माझ्या एका मित्रानं मिळून केलेली, कॉलेजात असताना. मग तो सैन्यात गेला, सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशयंत्रणा सांभाळणाऱ्या तुकडीत, आणि संपादनाचं लोढणं माझ्या एकटीच्या गळ्यात आलं. तरी दर अंकाला त्याची आठ पानं यायची, टोपणनावानं. दूरच्या एका चंद्रावर अँटेना दुरुस्त करणाऱ्या पाच माणसांची क्रमशः कथा. वहीत लिहून पानांचे फोटो व्हॉट्सॅपवर टाकायचा. अक्षर असं की वाचताना डोळे फुटतील. मी टाइप करायचे आणि त्याला शिव्या घालायचे.

मग एका मे महिन्यात सीमेवर लढाई सुरू झाली आणि त्याचा फोन बंद झाला. टीव्हीवर माणसं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. आमच्याकडे सायरनचा सराव झाला, सोसायटीच्या ग्रुपवर खिडक्यांना काळे कागद लावायचे की नाही यावर भांडणं झाली. इकडे माझ्या अंकात पानोपानी लेसर आणि अंतराळातली युद्धं, सगळी हौसेनं लिहिलेली. प्रुफं तपासताना शिसारी यायला लागली. खरं सांगते, त्याच वेळी मासिक बंद केलं असतं तर बरं झालं असतं.

पण अंक तयार होता, फक्त त्याची आठ पानं रिकामी. तिथे दुसऱ्या कोणाची कथा टाकायला हात धजेना. रिकामी सोडायलाही धजेना. शेवटी दोन संध्याकाळी बसून तो भाग मीच लिहून काढला, खाली त्याचं टोपणनाव टाकलं. अक्कल गहाण पडलेली, दुसरं काय! शेवटचं पान भरेना, म्हणून त्या पाच जणांना चंद्रावर जेवायला बसवलं आणि वालाचं बिरडं वाढलं. तसं बिरडं मी एकाच घरी खाल्लेलं, त्याच्या.

दर अंकाची एक प्रत त्याच्या आईला हातोहात नेऊन द्यायची, हे पहिल्यापासून ठरलेलं. ऑफिस सुटल्यावर माजिवड्याहून रिक्षा केली आणि कळव्याला गेले. काकू एरवी कथा वाचत नसत. त्याचं टोपणनाव शोधायच्या, त्यावरून बोट फिरवायच्या आणि अंक कपाटात ठेवायच्या. त्या दिवशी मात्र दारातच उभ्या राहून आठही पानं वाचली.

"हे कधी आलं तुझ्याकडे?"

मी तोंड उघडायच्या आत त्या खाली बसल्या. "म्हणजे बरा आहे. बिरडं घातलंय बघ, माझंच आहे ते." दोन मिनिटं अंक छातीशी धरून बसल्या. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"चंद्रावर बसून बिरडं खातोय गधडा! मासिकाला आठ पानं, आणि आईला एक मिस कॉल नाही?"

आणि ढसाढसा रडायला लागल्या. सांगायला हवं होतं, काकू, हे मी लिहिलंय, त्याचा मलाही पत्ता नाही. पण ते सांगितलं असतं तर राग गेला असता आणि त्याच्याबरोबर 'बरा आहे' पण गेलं असतं. मी म्हटलं, "येईल हो फोन, काकू." आणि निर्लज्जासारखा चहा प्यायले.

पुढचे नऊ दिवस अन्न गोड लागलं नाही. लढाई थांबली तरी फोन नाही. त्याचं काही बरंवाईट झालं असेल तर? त्या बाईला खोटा भरवसा देऊन मी मोकळी झालेले. ऑफिसात फोन वाजला तरी दचकायचे.

दहाव्या दिवशी त्याचा घरी फोन आला. काकूंनीच मला कळवलं. "अस्सा झापलाय! म्हटलं, मैत्रिणीला गोष्टी पाठवायला वेळ आहे, आईला नाही? चुकलं आई, म्हणाला." त्याला बिचाऱ्याला कसल्या गोष्टी ते ठाऊकही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, मग लाजेनं मेल्यासारखं झालं.

दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा आमच्या घरी आला. वाळलेला. मी अंक पुढे ठेवला, सगळं कबूल केलं. त्यानं आठही पानं सावकाश वाचली.

"चंद्रावर वाल सोलले कोणी?"

एवढंच. हसला नाही. मी विचारलं, पुढचा भाग कधी देतोस?

"नाही गं लिहवत आता. तूच लिही."

"मी थकलेय रे. आणि काकूंना खरं काय ते सांगून टाकणार आहे."

"अजिबात नाही," तो म्हणाला. "ते दिवस मी गोष्टी लिहीत बसलेलो असं तिला वाटतंय ना? वाटू दे. ते खरे कसे गेले ते कळण्यापेक्षा माझ्यावर रागावलेली परवडली."

म्हणून लिहिते. दर अंकाला आठ पानं, त्याच्या नावानं. आता तो आईला रोज फोन करतो, तरी काकूंच्या मनातली अढी जात नाही. मी अंक घेऊन गेले की चहा ठेवतात, कप पुढे सरकवतात आणि म्हणतात, "तुझं काय बाई, तुझ्याकडे सगळं आधी पोचतं."

"हो काकू," मी म्हणते.