आमच्या दाराएवढी उडी

आमची उंचाबाई निघाली की बाहेर पडताना दाराच्या चौकटीची वरची पट्टी बोटांनी टेकवून जायची. देवळातून निघताना आपण घंटेला हात लावतो ना, तसं. मला आधी वाटलं, उंच बाई आहे, डोकं आपटू नये म्हणून चाचपत असेल. पण तसं नव्हतं. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "काकू, माझी सगळ्यात मोठी उडी तुमच्या या दारापेक्षा दोन बोटं कमी आहे." मी दाराकडे बघितलं, मग तिच्याकडे. म्हटलं, "दार लावलेलं असताना, वरून?" ती म्हणाली, "वरून. ती दोन बोटं फक्त मिळायची आहेत."

उंचाबाई म्हणजे आमची शेजारीण. मिशिगनमधल्या ट्रॉयला माझा मुलगा आणि सून मृणाल राहतात, त्यांच्या घराला लागूनच तिचं घर, मधे एकच भिंत. रशियाची, उंच उडी मारणारी, आपल्या देशाकडून जगभर खेळून आलेली. इथे एका क्लबात पोरींना शिकवायची आणि स्वतःचाही सराव करायची. तिचं खरं नाव लांबलचक, ते घरात नीट म्हणता यायचं फक्त माझ्या नातीला, सईला. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या बायकांनी एका संध्याकाळी तिला उंचाबाई करून टाकलं. तिने अर्थ विचारून घेतला आणि मग मला फोन केला की स्वतःच म्हणायची, "उंचाबाई बोलते." बाकी आमचं बोलणं इंग्रजीत. तिचं मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळे एकमेकींना हसायची सोय नव्हती आणि छान जमलं.

मी पहिल्यांदा तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिली. पार्किंगमध्ये ती पळत यायची, शेवटी कोयत्यासारखं वळण घ्यायची, आणि बर्फाच्या ढिगापाशी टक्कन थांबायची. परत मागे जायची, परत तेच. मी मृणालला म्हटलं, "अगं, ह्या पोरीला कुणाला तरी दाखवायला हवं." सई हसून हसून लोळली. "आजी, शी इज अ हाय जंपर. ती रन-अप प्रॅक्टिस करतेय." उडी वर मारायची, पण ती सगळी त्या वळणात असते म्हणे. उंचाबाईचं एक वाक्य होतं: "दांडीकडे काय बघायचं? दांडी कुठे पळून जात नाही. पाय कुठे पडतो ते बघ." हे तिच्या लहानपणच्या शिक्षिकेचं. ती म्हातारी सूर्यफुलाच्या बिया चावत, गळक्या छपराच्या शेडमध्ये पोरींना उड्या मारायला लावायची. बाहेर सहा-सहा महिने बर्फ. त्या शेडमधून ही पोरगी निघाली आणि युरोपभर उडत फिरली. पहिल्या विमानप्रवासात तिने जेवणातले सगळे पाव घरच्यांसाठी बॅगेत भरले होते, हे सांगताना तिला अजून लाज वाटायची. जगातल्या मोठ्या स्पर्धेतही एकदा तिसरी आली. ते पदक तिने मला दाखवायला आणलं, तर सईने ते आमच्या फ्रिजच्या हँडलला अडकवून टाकलं. उंचाबाई म्हणाली, "राहू दे चार दिवस. इथे जास्त लोक बघतात."

आता गंमत ऐका. इतकं येणं-जाणं असलेली बाई, पण आमच्या घरात घास खायची नाही. येताना स्वतःची पाण्याची बाटली आणि केळं घेऊन यायची. मला सांगा, माझ्यासारखीला हे कसं सोसावं? पहिल्या दिवाळीत मी मुद्दाम अनारसे केले. जाळी अशी पडली होती की आईने पाठ थोपटली असती. ताटली पुढे केली तर तिने एक अनारसा डोळ्यांजवळ धरला. "हे दाणे कसले?" म्हटलं, "खसखस." सईने फोनवर बघून तिला इंग्रजी नाव सांगितलं. उंचाबाईने अनारसा असा ठेवला, जसा काही निखारा. चक्क दोन पावलं मागे सरकली.

मी तोंड पाडून बसले. तेव्हा तिने समजावलं. खसखस पडली अफूच्या बोंडातली, तिच्यामुळेही खेळाडूंच्या उत्तेजक औषधांच्या तपासणीत घोळ होऊ शकतो. आणि तिला तर केसाएवढाही घोळ परवडणार नव्हता. तिच्या देशातल्या काही खेळाडूंनी औषधं घेतली होती, वरच्यांनी ती झाकली, आणि शिक्षा म्हणून सगळ्या संघालाच बाहेर बसवलं. आपल्याकडे सोसायटीत एकाने पाणी चोरलं की सगळ्यांचा नळ बंद करतात, तशातली गत. ऐन उमेदीची वर्षं अशी चालली होती. एकच फट होती. जे स्वच्छ आहेत त्यांनी अर्ज करावा, सतत तपासून घ्यावं, आणि परवानगी मिळाली तर देशाच्या नावाशिवाय, झेंड्याशिवाय खेळावं. उंचाबाई त्या परवानगीची वाट बघत होती. तिच्या त्या दोन बोटांची सगळी आशा तिथे अडकली होती.

मी पोळ्या लाटत होते. लाटता लाटता सरळ विचारलं, "तू घेतलं होतंस का ग काही?" मृणालने मला डोळे वटारले. उंचाबाई मात्र शांतपणे म्हणाली, "नाही, काकू." मग म्हणाली, "तुम्ही विचारलंत हे बरं केलंत. बाकीचे विचारत नाहीत. ठरवून टाकतात."

त्या दिवसापासून मी तिला कधी खाण्याचा आग्रह केला नाही. माझ्या घरातल्यांना विचारा, ही केवढी गोष्ट आहे.

तपासणीवाले कधीही येत. आपण कुठे असू ते तिला रोज आधी कळवून ठेवावं लागे. संक्रांतीला मृणालकडे हळदीकुंकू होतं, म्हणून उंचाबाईने त्या वेळेला आमचा पत्ता दिला होता. घर बायकांनी भरलेलं, आणि बेल वाजली. दारात एक अनोळखी गोरी बाई, खांद्याला बॅग. आमच्या मंडळातल्या, पुण्याच्या वैशालीने नवी पाहुणी समजून तिला कुंकू लावलं, वर तिळगूळ पुढे केला. ती बाई कुंकवासकट ताठ उभी. "आय कान्ट अ‍ॅक्सेप्ट गिफ्ट्स," म्हणाली, आणि उंचाबाईला घेऊन थेट बाथरूमकडे गेली. वैशाली माझ्या कानात म्हणाली, "पकडली वाटतं हो काकू." मी मोठ्यानेच सांगितलं, "पकडली नाही, तपासली. तुझी शुगर तपासतात तेव्हा तुला पकडतात का?" पुढे ती बाई नेहमीची झाली. दर वेळी दारात कपाळावर हात ठेवून आधी आत डोकवायची.

परवानगी आली त्या दिवशी उंचाबाई बेल न वाजवता आत आली. स्वयंपाकघरात येऊन नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "आली का?" तिने मान हलवली आणि मला उचललं. मी आयुष्यात प्रथमच फ्रिजच्या वर किती धूळ आहे ते बघितलं.

स्पर्धा युरोपात होती. आम्ही शनिवारी दुपारी टीव्हीपुढे बसलो, मंडळातल्या सगळ्या जणी आपापली पोरं घेऊन. बाकीच्या मुलींच्या छातीवर देशांची नावं, हिचे कपडे कोरे. पण पोरगी अशी उभी होती की कपडे कोरे आहेत हे विसरायला व्हावं. दांडी चढत गेली, एकेक मुलगी बाद होत गेली. शेवटी दोघीच राहिल्या. पडद्यावर आकडा आला आणि सई उठून उभी राहिली. "आजी, दॅट्स अवर डोअर."

पहिल्या उडीला दांडी पडली. दुसऱ्या उडीलाही पडली. आता एकच उरली. तिने हात वर करून टाळ्या मागितल्या, तिथल्या लोकांनी दिल्या, इथे ट्रॉयमध्ये आम्ही दिल्या. ती पळत आली, वळणावर कलली, आणि मी दांडीकडे बघितलंच नाही. तिचे पाय कुठे पडतात तेच बघत राहिले. ओरडा झाला तेव्हा कळलं. दांडी जागच्या जागी होती.

त्यापुढची उंची तिला जमली नाही, दुसऱ्या मुलीला जमली. सोनं त्या मुलीचं, आमचं रुपं. वैशाली हळहळली, "शेवटी पाडलीच की." मला उंचाबाईने पूर्वीच सांगून ठेवलं होतं, "काकू, उंच उडीत जिंकणारीसुद्धा बहुतेक वेळा दांडी पाडूनच घरी जाते. कुठवर जाऊन पाडली, एवढंच बघायचं." मी वैशालीला दाराकडे बोट दाखवलं. म्हटलं, "तिथवर जाऊन पाडली."

मग काही काळाने तिच्या देशाने शेजारच्या देशाशी लढाई सुरू केली आणि तिथल्या खेळाडूंना पुन्हा दारं बंद झाली. कोऱ्या कपड्यांचीही. ती चिडली नाही, रडली नाही. लढाईबद्दल एकदाच बोलली, तेही आईची काळजी वाटते एवढंच. एका सकाळी आमच्या टेबलाशी येऊन बसली. मी चहा ठेवत होते, तेव्हा लक्षात आलं, हातात बाटली नाही, केळं नाही. म्हणाली, "दुसऱ्यांदा वाट बघायला जे वय लागतं ना काकू, ते माझ्याकडे नाही. आता वाढा."

इतकी वर्षं जिला भरवायचं म्हणून जीव तळमळला, तिने मागावं, आणि मला वाटावं, नको मागूस ग. पोहे होते, ते दिले. तिने बशी चाटूनपुसून संपवली आणि विचारलं, "ते दाण्यांचं?" म्हटलं, "अनारसे असे बसल्या बैठकीला होत नाहीत, बाई. तांदूळ भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग कुटून गूळ घालून पीठ मुरू द्यायचं." ती म्हणाली, "वाट बघता येते मला. सवय आहे."

तिला चँडलरला, तिकडे अ‍ॅरिझोनात, एका शाळेत उडी शिकवायची नोकरी मिळाली होती. सामान गेलं त्या दिवशी मी तुपात अनारसे तळले. दिवाळी नव्हती, काही नव्हतं. ती ओट्यापाशीच उभी राहून खात होती. ओठांना खसखस, बोटांना तूप. मधेच थांबून म्हणाली, "आज ती तपासणीवाली आली तर?" मी म्हटलं, "तिलाही वाढीन. आता तिला नाही म्हणायचं कारण नाही." दोघी खूप हसलो. मग तिने सईला जवळ घेतलं, मृणालला घेतलं, माझ्या पाया पडायला ती इतकी खाली वाकली की मला तिच्या डोक्यावर हात ठेवता आला. आणि जाताना सवयीने हात वर करून चौकटीला बोटं टेकवली.

आता सई शाळेच्या संघात उड्या मारते. फार उंच जात नाही अजून, पण दांडी पडली की उठून आधी आपले पाय कुठे पडले ते बघते. उंचाबाई दर रविवारी फोनवर तिच्या उड्यांचे व्हिडिओ मागून घेते आणि मला विचारते, "काकू, दार आहे ना जागेवर?"

आहे. वरच्या पट्टीवर तुपाची बोटं उमटलेली आहेत, त्यात खसखशीचा एक दाणाही अडकलाय, सईने खुर्चीवर चढून पाहिलंय. परवा मृणाल फडकं घेऊन पुसायला गेली, तर तिचा हात पोचेना. "आई, आपलं ते स्टूल कुठंय हो?" मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.