कार्डवाल्यांचे फोन आणि काकाजींची बोहनी

आमच्या दुकानात माल कमी आणि किस्से जास्त साठले! माल निदान धूळ खातो, किस्से तेही करत नाहीत. कुणी नुसतं "हॅलो" म्हटलं की उठून बसतात.

वर्ध्यात पेटीचरखे विकणारे काकाजी, गल्ल्याशेजारी बसणाऱ्या काकू, आणि बी.कॉम. होऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर बसलेली मी. फोन वाजला तरी दचकणारी! गावात चरख्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. परदेशातून मेल यायचे, "कार्डाने पैसे घेता का?" घेत नव्हतो. त्यात काकाजींच्या घशात गाठ निघाली. कार्डाची सोय झाली नाही तर दुकानाचं शटर कायमचं खाली. म्हणून मी तशी सोय करून देणाऱ्या कंपन्या शोधत होते.

* * *

पहिल्या कंपनीचा फोन सकाळीच आला. मी दचकले, चहा कीबोर्डवर!

काकाजींचा नियम असा, की बोहनी होईपर्यंत गिऱ्हाइकाशिवाय कुणाशी बोलायचं नाही. त्यांनी फोनला हात जोडले आणि गप्प.

"सर, ते आत्ता बोलत नाहीत. बोहनी व्हायची आहे."

पलीकडे कीबोर्डची टकटक. मग, "मॅडम, मालक शुद्धीवर आहेत ना?"

दुपारी एका गिऱ्हाइकानं सुताची गुंडी विकत नेली. काकाजी म्हणाले, "आता लाव त्याले फोन!"

"त्यांनी आपली फाइलच बंद केली, काकाजी."

"काऊन? दोन घंटे थांबता नाई आलं त्याले?"

* * *

दुसरी कंपनी म्हणाली, माल परत घेण्याचा नियम दुकानाच्या वेबसाइटवर टाका. आमच्या भिंतीवर तर पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'!

काकाजींनी सांगितलं, "लिही. चरखा नाई चालला तं दुकानात घेऊन येजो. चालवून दाखवतो. तरी नाई चालला तं परत घेतो."

मी इंग्रजीत करून पाठवलं. उत्तर आलं, "ग्राहक न्यूझीलंडचा असला तर?"

काकाजी म्हणाले, "त्याले म्हणा, जेवूनच जाजो."

तीही कंपनी गेली.

* * *

तिसऱ्या कंपनीनं नागपूरहून माणूस पाठवला, दुकान खरंच आहे का ते पाहायला. तो आला आणि लाइन गेली! लोडशेडिंग.

"ऑनलाइन दुकान कुठे आहे?"

मी काळ्या मॉनिटरकडे बोट दाखवलं.

तो घामानं निथळत, काकूंनी दिलेला चहा घेत बसला. "लाइन कधी येईल?"

"जायाचा टाइम पेपरात येते साहेब," काकाजी म्हणाले, "याचा कोन सांगन?" आणि हसले. हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेना. काकू पाठ चोळत राहिल्या.

त्या माणसानं कप खाली ठेवला. "मी करून देतो. फक्त मुंबईहून एकदा फोन येईल. मालकांनी स्वतःच्या तोंडानं नाव आणि दुकान सांगायचं. तेवढं झालं की कार्ड सुरू."

"लवकर करा," मी म्हणाले. "घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज राहणार नाही."

* * *

त्यानंतर काकाजींनी जन्माचा नियम मोडला. सकाळी बोहनीआधीच फोन मांडीवर घेऊन बसायचे आणि स्वतःचं नाव घोकायचे.

काकू म्हणायच्या, "नवरदेवावानी नाव घेऊन राह्यले पाहा!"

फोन येत नव्हता. मी लावला की "प्रोसेसमध्ये आहे."

ऑपरेशनच्या सकाळी रिक्षा दारात आली, तेव्हा काकाजींनी फोन माझ्या टेबलावर ठेवला. "आला तं सांगजो, मी होतो म्हणा."

* * *

फोन आला. ऑपरेशन होऊन काकाजी दुकानात परतले, त्याच आठवड्यात, सकाळी.

मी दचकले. काकाजी गादीवर बसले होते, गळ्याला पांढरी पट्टी. त्यांचेही डोळे फोनवर.

"मुंबईहून बोलतोय. मालकांना द्या."

 काकूंनी माझ्या हातून रिसीव्हर काढून घेतला.

"हे इथंच बसून आहेत, साहेब. पन बोहनी झाल्याबिगर ते कोनाशी बोलत नाईत. कोनालेही इचारा."

"मग कधी बोलतील?"

काकूंनी काकाजींकडे पाहिलं. काकाजींनी कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"तुमचं कार्ड सुरू करून द्या," काकू म्हणाल्या. "आजची बोहनी त्याच्यावरच होऊ द्या."